राजरत्नचे त्रेसष्ट डबे

राजरत्न खिल्लारेचा विषय निघाला की आमच्या ऑफिसात सगळे एकच वाक्य बोलतात, "माणूस चांगला होता, पण जरा हट्टी." ऐकलं की माझं डोकं फिरतं. एक तर 'होता' कशाला? धडधाकट जिवंत आहे तो. मोहन्याला राहतो, सकाळी उठून दाढी करतो, आईच्या हातची भाकरी खातो. आणि हट्टी म्हणजे काय हो? जो बरोबर असतो आणि वर गप्पही बसत नाही, त्याला आपल्याकडे हट्टी म्हणायची पद्धत आहे. मी कधी हट्टीपणा केला नाही. म्हणून मी अजून तिथेच आहे, आणि एप्रिलपासून माझ्या हुद्द्याला 'लीड' लागलंय.

मी दर्शना शेट्ये, राहणार डोंबिवली पूर्व. आमची कंपनी ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये. आम्ही 'शीतमित्र' नावाचा डबा बनवतो. वहीएवढा पांढरा डबा, दवाखान्यातल्या नाहीतर रक्तपेढीतल्या फ्रिजवर बसवायचा. त्याने सतत आतलं तापमान दाखवायचं, आणि थंडी कमी झाली की भोंगा वाजवायचा. बस, एवढंच काम. पण तेवढं झालं नाही तर आतलं रक्त, लशी, सगळं फेकून द्यावं लागतं, आणि ज्याला ते वेळेवर मिळालं नाही त्याचं काय होतं हे मी सांगायला नको.

पंधरा वर्षांपूर्वी मी नोकरीला लागले तेव्हा राजरत्न मला पहिल्यांदा दिसला तो टेबलाखाली. नुसते पाय दिसत होते आणि पायांत दोन वेगवेगळे मोजे. "ती काळी वायर धर," आतून आवाज आला. ओळख ना पाळख. मी धरली. अर्ध्या तासाने तो बाहेर आला, हात झटकले आणि म्हणाला, "झालं. म्हातारा चालू झाला." म्हातारा म्हणजे पाच वर्षं जुना एक डबा. एखादं मशीन वारलं म्हणून सगळ्यांनी सोडून द्यावं आणि याने त्याच्या छातीवर कान ठेवून बसावं, असला हा माणूस.

आता थोडं कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या डब्यात एक बारका कंप्युटर असतो आणि त्याच्या गाभ्यात असतो कर्नल. आमच्या प्रोग्रॅमला घड्याळ बघायचं असो, नोंद लिहायची असो, भोंगा वाजवायचा असो, परस्पर काही करता येत नाही. कर्नलकडे मागणी टाकावी लागते. नवे कर्नल येतात त्यांना नव्या मागण्या कळतात. तीच मागणी जुन्या कर्नलकडे टाकली तर तो सरळ सांगतो, असलं काही आमच्याकडे नाही. आणि आमच्या जुन्या डब्यांतला कर्नल बदलता येत नाही, कारण ती चिप बनवणाऱ्यांनीच कधीचे हात वर केलेत. मग त्या डब्यांनी काय करायचं, मरायचं? राजरत्नने यासाठी एक लायब्ररी लिहिली होती. लायब्ररी म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्या मध्ये बसणारा. ती आधी नव्या पद्धतीने मागायची. कर्नल नाही म्हणाला की जुन्या पद्धतीने, तेही नाही जमलं तर त्याहून जुन्या. वर प्रोग्रॅमला पत्ताही लागायचा नाही.

नाव मी सुचवलं. तो 'पूल' म्हणत होता. मी म्हटलं, पूल कसला, आमच्या राजापूरकडे वहाळावर सुपारीची खोडं टाकून साकव करतात, दरवर्षी पावसाने जातो आणि दरवर्षी परत बांधावा लागतो, तो ठेव. "दरवर्षी ना? मग बरोबर आहे," म्हणाला. झालं, 'साकव'. तेव्हाचे मालक दिलदार होते, त्यांनी ती लायब्ररी इंटरनेटवर सगळ्यांना फुकट ठेवू दिली. जगातले कुठले कुठले लोक वापरतात अजून.

त्याची एक रीत होती. खरं तर या धंद्यातली जुनी रीत आहे, पण तो ती देवपूजेसारखी पाळायचा. देव मानत नाही तो, तरी मी असंच म्हणणार. ज्याने चूक दाखवली त्याचं नाव नव्या आवृत्तीच्या टिपणात लिहायचं: 'दोष कळवल्याबद्दल आभार', आणि पुढे पूर्ण नाव. कोपरीच्या एका नर्सिंग होमचा वॉचमन, साईनाथ, त्याने फोन करून सांगितलं की तुमचा डबा लाइट आल्यावर दोनदा भोंगा मारतो. त्याचंही नाव आहे. आमच्या एका मॅनेजरने "वॉचमनचं नाव कशाला?" म्हणून नाक मुरडलं, तर राजरत्न म्हणाला, "तुम्ही एक चूक शोधा, तुमचं पण घालतो."

दुसरा त्याचा नियम म्हणजे कर्नलला नंबर विचारायचा नाही. प्रत्येक कर्नलवर आवृत्तीचा नंबर असतो. आळशी माणूस तो नंबर वाचतो आणि ठरवतो की हा नवा, याला हे येतं, तो जुना, त्याला येत नाही. राजरत्न म्हणायचा, "नंबर काय विचारतेस? काम सांगून बघ ना. जमलं तर हो म्हणेल, नाही तर नाही." याला कारण होतं. २०१३ मध्ये आमच्या पुरवठादाराने दोन बॅचच्या डब्यांत जुनाच कर्नल ठेवून वर नवा नंबर चिकटवला होता, टेंडरमध्ये चालावा म्हणून. ते शोधताना राजरत्न आणि मी तीन दिवस डोकं खाजवत बसलो होतो. सापडलं तेव्हा मीच ओरडले होते, "अरे, हा मेला खोटं बोलतोय!" राजरत्नने कोडच्या वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं: या दोन बॅचचे नंबर खोटे आहेत, विश्वास ठेवू नये. म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा, मला माहीत होतं.

मध्यंतरी त्याने बाळकुमला भाड्याने फ्लॅट बघितला होता, आईवडिलांना घेऊन यायचं म्हणून. फोनवर सगळं ठरलं. मग मालकाने विचारलं, "खिल्लारे म्हणजे नेमके कोण?" दुसऱ्या दिवशी त्या फ्लॅटमध्ये मालकाचा भाचा राहायला येणार असल्याचं समजलं. राजरत्नने डबा खाताना हे सांगितलं आणि हसून म्हणाला, "नंबर विचारला त्याने." आम्ही पण हसलो. मी हसले याची मला आज लाज वाटते. तो मग मोहन्यालाच राहिला, वडिलांच्या जुन्या खोलीत. वडील दगडूकाका रेयॉनच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला तरी काका कित्येक वर्षं सकाळी सातला कपडे करून ओट्यावर बसायचे.

तर आता विनीत. तीन वर्षांपूर्वी जुन्या मालकांनी कंपनी विकली आणि विनीत आमचा साहेब झाला. पस्तिशीचा, गुळगुळीत, प्रत्येक वाक्यात 'क्लीन'. आयत्या बिळावर नागोबा. आल्या आल्या त्याला साकवमधला जुन्या कर्नलसाठीचा कोड खुपायला लागला. "हे कोण वापरतं? डेड कोड आहे हा." आमचे नवे डबे इंटरनेटवरून रोज हजेरी लावतात, कुठला कर्नल, कुठली आवृत्ती, सगळं कळवतात. विनीतने त्यांची मोजणी काढली. जुन्या कर्नलचा डबा: शून्य.

मीटिंगमध्ये राजरत्न म्हणाला, "सर, जुन्या डब्यांना इंटरनेटच नाही. जे बोलतच नाहीत ते मोजणीत येतील कसे?"

"मग आहेत हे तुला कसं माहीत? डेटा दाखव."

याने डेटा आणला. तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत फोन घेऊन बसायचा. वाडा, मुरबाड, शहापूर, उल्हासनगर, जिथे जिथे डबे विकलेले तिथल्या क्लार्कला, नर्सला, शिपायाला गोड बोलून फ्रिजपाशी पाठवायचा, "ताई, डब्याच्या मागे स्टिकर आहे ना, तेवढं वाचा." त्रेसष्ट डबे निघाले. चालू. त्यातला एक कल्याणच्या पुढच्या एका धर्मादाय हॉस्पिटलमध्ये, रक्तसाठ्याच्या फ्रिजवर. तिथली टेक्निशियन म्हणजे राजरत्नची धाकटी बहीण स्वप्ना. तो डबा खोट्या नंबरांच्या बॅचमधला होता.

विनीतने यादी बघितली आणि म्हणाला, "वॉरंटी संपलीय सगळ्यांची." गाढवापुढे वाचली गीता.

राजरत्नने कोड काढायला साफ नकार दिला. मग विनीतने मला केबिनमध्ये बोलावलं. "दर्शना, तू मॅच्युअर आहेस," म्हणाला. हे वाक्य कुणी म्हणालं की समजावं, आपल्या हातून कुणाचा तरी गळा कापून घ्यायचाय. जुना कोड काढायचा आणि सप्टेंबर अखेर नवी आवृत्ती पेन ड्राइव्हवर घालून पाठवायची. मी एवढंच मागितलं की जुन्या डब्याने ही आवृत्ती घ्यायलाच नको. आत एक अडसर टाकते, जुना कर्नल दिसला की 'नको' म्हणेल आणि पूर्वीचंच चालू ठेवेल. विनीत खूश. मी पण खूश, कारण मला वाटलं की साप पण मेला आणि काठीही तुटली नाही.

अडसर कसा टाकायचा? राजरत्नच्या रीतीने टाकला असता तर प्रत्येक मागणी करून बघायची, उत्तर बघायचं, म्हणजे चार-पाच दिवसांचं काम. हातात दोन दिवस. मी नंबर वाचला. पाच ओळी. वर त्याने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलेली ताकीद जुन्या कोडबरोबरच काढली गेली होती, मीच काढलेली. आणि तपासायचं म्हटलं तर जुने डबे ऑफिसात राहिले कुठे होते? विनीतने रॅक रिकामा करून भंगारात काढले, राजरत्नने ते सातही डबे रिक्षात घालून घरी नेले. तपासायला मोहन्याला जावं लागलं असतं. मी म्हटलं, सात डब्यांसाठी मोहन्याला कोण मरायला जाणार?

त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. आईचं, कांताकाकूंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून तो रजेवर होता.

"अडसर टाकलास म्हणे. नंबर बघून, का काम सांगून?"

"काम सांगून रे. तुझ्याच पद्धतीने."

"नक्की ना? स्वप्नाकडचा डबा त्यातलाच आहे."

"अरे, सांगितलं ना! किती डोकं खाशील?"

"मग ठीक," म्हणाला. पंधरा वर्षांत माझ्या शब्दावर त्याने दुसरा प्रश्न कधी विचारला नव्हता, त्या दिवशी विचारला आणि तरीही मी खोटं बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

आमचा फील्डचा माणूस मयूर पेन ड्राइव्ह घेऊन फिरला. त्याला सांगितलेलं, सगळीकडे लाव, जुना असेल तर डबा स्वतःच नको म्हणेल. त्रेसष्टपैकी बऱ्याच डब्यांनी नको म्हटलं. स्वप्नाकडच्याने घेतलं. नंबर नवा होता ना त्याचा.

नंतर काय झालं ते आता मला पाठ आहे. ऑक्टोबरातला शुक्रवार. शुक्रवारी त्या बाजूची लाइट दुरुस्तीसाठी जाते, सगळ्यांना सवय आहे. दुपारी लाइट आली, डबा नव्याने चालू झाला. प्रोग्रॅमने एकदा तापमान वाचलं, चार, ते पडद्यावर लावलं. मग कर्नलला म्हणाला, दर मिनिटाला मला हाक मार, मी परत बघतो. नव्या पद्धतीची मागणी. जुना कर्नल म्हणाला, असलं काही आमच्याकडे नाही. पूर्वी असं झालं की साकव जुन्या पद्धतीने मागायचा. आता मागणारं कुणी उरलं नव्हतं. प्रोग्रॅम हाकेची वाट बघत बसला. हिरवा दिवा चालू, पडद्यावर चार. आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर लाइट आल्यावर सुरूच झाला नव्हता.

स्वप्नाने दर चार तासांनी पडदा बघितला आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: चार. चार. चार. रात्रपाळीच्या मुलीनेही तिचंच बघून चार लिहिलं. शनिवारी सकाळी एका बाळंतिणीसाठी रक्त काढायला स्वप्नाने फ्रिज उघडला, तर पिशव्या कोमट. चौदा पिशव्या. बाळंतिणीला तशीच रिक्षात घालून उल्हासनगरला हलवली. वाचली ती, नशीब तिचं. पण हॉस्पिटलच्या कमिटीने रजिस्टर उघडलं. फ्रिज पंचवीसवर आणि नोंद चारची. म्हणजे बाईने न बघताच आकडे भरले! खोट्या नोंदी. अकरा वर्षांची नोकरी, एक दिवस खाडा नाही, आणि तिला घरी बसवली. रात्रपाळीची मुलगी ट्रेनी, तिला समज देऊन सोडली. कमिटीने एक मात्र सांगितलं: डबा चुकीचा आकडा दाखवत होता असं कंपनीने लिहून दिलं, तर फेरविचार करू. बास, एका पत्राचा प्रश्न होता.

कंपनीने लिहून दिलं. विनीतने मसुदा सांगितला, मी लिहिला. 'आमच्या उपकरणात वापरलेल्या एका बाहेरील मोफत लायब्ररीत जुन्या कर्नलसंबंधी त्रुटी असण्याची शक्यता आहे. सदर लायब्ररीची जबाबदारी तिचे लेखक श्री. राजरत्न खिल्लारे यांची आहे.' पडद्यावरच्या आकड्याबद्दल अवाक्षर नाही. वर कमिटीला कळलं की लेखक म्हणजे त्या बाईचाच भाऊ. मग तर काय, बोलायलाच नको. खाली सही माझी. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या मी सुवाच्य अक्षरात मारल्या.

राजरत्नने विनीतला एकच सांगितलं, "बदल कुणी केले ते उघडून दाखवा." विनीतने त्याच दुपारी त्याचा पासवर्ड बंद केला. महिन्याभरात त्याला काढला. सव्वीस जणांच्या ऑफिसात एकाने तोंड उघडलं नाही. मी कुणाला नावं ठेवू? माझ्याच तोंडाला सगळ्यात मोठं कुलूप होतं. कंपनीकडची साकवची प्रत आता त्याला दिसत नव्हती, पुरावा फक्त माझ्या कंप्युटरवर होता.

डिसेंबरात मी मोहन्याला गेले. आंबिवलीला उतरून रिक्षा केली, वाटेत तीनदा वाटलं परत फिरावं. सांगून टाकायचं ठरवून गेले होते, आईशपथ. खोलीत फळीवर ते सात डबे ओळीने, प्रत्येकाचा हिरवा दिवा चालू. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्याखाली त्रेसष्ट नावांची यादी, सतरा नावांपुढे खूण. मी काढलेला कोड साकवच्या फुकट आवृत्तीत होताच, त्यावरून नवा पेन ड्राइव्ह बनवून राजरत्न स्वतःच्या खर्चाने सगळ्या दवाखान्यांत फिरत होता, कुठल्या डब्याने काय घेतलंय याचा भरवसा नव्हता म्हणून. शहापूरला त्याला एका डॉक्टरने हाकलून दिलं होतं, कंपनीचं पत्र आणा म्हणून.

कांताकाकू म्हणाल्या, "ये गं बाई, बस. यानं तुझं नाव लई घेतलंय." स्वप्नाने चहा आणला. तिला मी आधी दोनदाच बघितलेलं. वाळली होती. समोर स्टुलावर बसली आणि म्हणाली, "ताई, दादा म्हणतो, त्या ऑफिसात खरं काय झालं ते लिहून देऊ शकेल अशी तुम्ही एकट्याच आहात. मला बाकी काही नको हो. नोकरी राहू दे, पण मी न बघता आकडे लिहिले नाहीत. मी प्रत्येक वेळी उठून बघितलं. तिथे चारच होतं. तेवढं जरी तुम्ही लिहिलंत ना..."

मी राजरत्नकडे बघितलं. तो फळीवरच्या डब्याची वायर नीट करत होता.

"बघते," मी म्हटलं.

'बघते' म्हणजे काय ते मराठी माणसाला समजावून सांगायला लागत नाही. स्वप्नालाही कळलं असावं, पण ती म्हणाली, "बघा हां ताई, आणि चहा गार होतोय." मी तो चहा प्यायले. आलं घातलेलं होतं.

राजरत्न मला रिक्षापर्यंत सोडायला आला. मी म्हटलं, "तुला माहीत आहे ना?"

"खोट्या नंबराचाच डबा तेवढा कसा फसला? शेंबडं पोर पण सांगेल. नंबर वाचलास तू."

"मग स्वप्नाला का नाही सांगितलंस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो," तो म्हणाला. रिक्षावाल्याला सुटे पैसे त्यानेच दिले.

आणि मी काय केलं? पत्र लिहिलं. त्याच रात्री लिहिलं, घरी जेवायच्या आधी. चूक कुठली, तारीख कुठली, कुणी केली, पडद्यावरचा आकडा चारवर का गोठला, सगळं. सोबत कोडमधल्या त्या पाच ओळी. आणि ठेवून दिलं. जानेवारीत वाटलं, बढतीच्या याद्या निघायच्यात, थोडं थांबू. फेब्रुवारीत वाटलं, आता मूल्यमापन. मार्चमध्ये तर अगदी तोंडाशी आलेलं. दर सोमवारी मी ते पत्र उघडायचे, एखादा स्वल्पविराम बदलायचे आणि बंद करायचे. शुद्धलेखनात ते पत्र इतकं निर्दोष झालं की काय सांगू! एक एप्रिलला मी लीड झाले. नऊ एप्रिलला पत्र पाठवलं. विनीतने आदळआपट केली, पण मला काढता येईना, कारण तोपर्यंत कोड समजणारी मी एकटीच उरले होते. तेही राजरत्नमुळेच, तोच नव्हता ना.

कमिटीचं उत्तर दोन ओळींचं आलं. 'आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली असून संबंधित कर्मचाऱ्यावरील ठपका मागे घेण्यात येत आहे. सदर पद फेब्रुवारीमध्ये भरण्यात आले आहे.' फेब्रुवारीमध्ये. म्हणजे डिसेंबरात लिहिलेलं पत्र डिसेंबरात गेलं असतं तर. मी ते 'तर' रोज सकाळी दात घासताना म्हणते. स्वप्ना आता टिटवाळ्याच्या एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून. तिने मला फोन करून आभार मानले. खरंच आभार मानले हो, "ताई, तुम्ही शब्द पाळलात," म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

राजरत्नचा फोन आला नाही. मी पण केला नाही. कुठल्या तोंडाने करणार? बढतीच्या दिवशी ऑफिसात केक कापला, विनीतने मला पहिला घास भरवला, तेव्हा मी मनातल्या मनात त्या फळीवरचे सात हिरवे दिवे मोजत होते.

मे महिन्यात साकवची नवी आवृत्ती आली, राजरत्नची, फुकटची. मी घरी बसून उतरवून घेतली. जुन्या कर्नलचा सगळा कोड होता. शिवाय नवं काहीतरी: मागणीला कुठल्याच पद्धतीने होकार मिळाला नाही तर पडद्यावरचा आकडा पुसून टाकायचा आणि भोंगा वाजवायचा. म्हणजे पुन्हा कुठल्या स्वप्नाला शिळा आकडा खरा म्हणून दिसू नये. खाली टिपण होतं. त्रेसष्टपैकी एकोणसाठ डबे दुरुस्त झाल्याचं, चार हॉस्पिटलांनी दारातूनच परत पाठवल्याचं. एवढं वाचलं आणि मी शेवटच्या ओळीवर आले.

माझं पत्र कमिटीने त्यांना, म्हणजे खिल्लारे कुटुंबाला, दाखवलं असणारच. चूक काय आणि कुठे हे कागदावर लिहून देणारी पहिली व्यक्ती मी. आणि राजरत्नची रीत तर मोडायची नाही, वॉचमनसाठी मोडली नव्हती, माझ्यासाठी कशी मोडेल? टोमणा मारायचा तर त्याने तोंडावर मारला असता; असल्या गोष्टीत तो टोमणे मारत नाही. त्याने फक्त नियम पाळला होता. चूक कुणी केली ते साकवच्या टिपणात कधीच लिहीत नाहीत. साईनाथ वॉचमनसाठी लिहिली होती तशीच ओळ, त्याच अक्षरात, लिहिलेली होती:

दोष कळवल्याबद्दल आभार: दर्शना शेट्ये, डोंबिवली.